शंभर फ्रेमची उडी

आमच्या पेठेतल्या व्यायामशाळेत एका मुलाची उडी नीट पडत नव्हती. पोरगा पुरलेल्या मल्लखांबावर इतका मोकळा की बघत राहावं. पण संच संपवून बोंडावरून, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या गोळ्यावरून, खाली उडी घेतली की गादीवर टेकताना काहीतरी बिनसायचं. अंग जरासं वळायचं, एक पाऊल पुढे पडायचं, आणि स्पर्धेत असं पाऊल पडलं की गुण गेलेच. सर तर पाठ करून उभे असले तरी सांगायचे, "डावा आधी आला. दोन आवाज आले." खरंच, कान देऊन ऐकलं तर 'धप्' ऐवजी 'ध-धप्' ऐकू यायचं. काय होतंय हे सरांना पक्कं ठाऊक होतं. का होतंय ते दिसत नव्हतं, कारण वर हात सुटण्यापासून खाली पाय टेकेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या आत आटपतो.

माझी भाची तिथेच दोरीचा मल्लखांब करते आणि माझ्याकडे बऱ्यापैकी कॅमेरा आहे, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्याकडे आलं. "ताई, तुमच्या कॅमेऱ्यात ते स्लो मोशन असतं ना? लावा की," सर म्हणाले. लावा की! जणू पंख्याचं बटण.

आधी फोन काढला. फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा, म्हणजे २४० सुट्या चित्रांचा, पर्याय होता, मग कॅमेरा कशाला उपसायचा? संध्याकाळची वेळ, वर ट्यूबलाइटच्या रांगा, मुलगा वर चढला, उडी झाली. क्लिप बघितली तर उडी बाजूलाच, सगळी व्यायामशाळा लुकलुकत होती. मारुतीचा कोनाडा, ढालींचं कपाट, गादी, सगळं एकदम उजळायचं आणि अंधारायचं. पोरांना फार आवडलं. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

या लुकलुकण्यामागचं कारण एकदा नीट कळलं की पुढचं बरंच सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो आणि दोनदा मंदावतो, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असते. स्वस्तातल्या एलईडी पट्ट्याही तशाच. आपल्या डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. पण फोन सेकंदाला २४० चित्रं टिपतो तेव्हा एक चित्र दिवा भरात असताना निघतं, पुढचं तो मंदावलेला असताना. तेच नंतर दहापट सावकाश दाखवलं की सेकंदाला दहाएक वेळा उघडझाप दिसते. जुना तारेचा पिवळा बल्ब या बाबतीत पुष्कळ बरा, कारण तापलेली तार तेवढ्या वेळात थंड होत नाही. पण आता ते बल्ब उरलेत कुठे?

काही फोनांवर ९६० फ्रेम लिहिलेलं असतं. त्याच्या नादी लागू नये असं माझं मत. काही फोनांत तो वेग पाव सेकंदसुद्धा टिकत नाही, तर काहींत खऱ्या फ्रेम कमीच असतात आणि मधल्या फोन स्वतः रचून भरतो. सरांना नेमकं काय झालं ते बघायचं होतं. रचलेल्या फ्रेमचा त्यांना काय उपयोग?

मग कॅमेरा. सूत्र साधं आहे: जितक्या वेगाने टिपायचं, त्याहून कमी वेगाने दाखवायचं. सेकंदाला १०० फ्रेम टिपल्या आणि २५ च्या वेगाने दाखवल्या की एका सेकंदाचे चार सेकंद होतात. पूर्वी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ फ्रेम. कॅमेरामनने दांडा जोरात फिरवला की पडद्यावर सगळं संथ दिसायचं, सावकाश फिरवला की लगबगीने. याचं उलटं टोक आपल्या दादासाहेब फाळक्यांनी गाठलं होतं. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपत गेले. पडद्यावर दाण्याचा वेल भराभर वर चढला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. म्हणजे मराठी माणसाची या खेळाशी ओळख जुनी आहे. फक्त फाळक्यांना काळ आखडायचा होता आणि आम्हाला ताणायचा.

माझ्या कॅमेऱ्यात फोर-के ला, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राला, सेकंदाला ५० पर्यंत जाता येतं आणि त्याहून कमी बारकाव्याच्या फुल एचडीला १०० किंवा १२०. हे 'किंवा' महत्त्वाचं. मेनूत पाल आणि एनटीएससी असे टीव्हीच्या दोन जुन्या पद्धतींच्या नावाचे पर्याय असतात. पाल निवडलं तर २५, ५०, १०० मिळतात. एनटीएससी निवडलं तर ३०, ६०, १२०. बहुतेकजण १२० बघून तिकडे वळतात, मोठा आकडा म्हणून. व्हिडिओ शिकवणारे निम्मे लोक अमेरिकेतले, त्यांच्याकडे वीज ६० आवर्तनांची, तेव्हा त्यांना १२० सोयीचं. आपल्या दिव्यांखाली १२० आणि १०० चा मेळ बसत नाही. सेकंदाला २० चा फरक पडतो, आणि क्लिप संथ केल्यावर तो फरक सेकंदाला चारेक धडधडींच्या रूपाने समोर येतो. मी दोन्ही लावून बघितलं. पाल करून १०० वर टाकल्याबरोबर धडधड थांबली, कारण आता कॅमेरा आणि दिवे बरोबरीने पावलं टाकत होते. प्रत्येक फ्रेमच्या वेळी दिवा त्याच अवस्थेत.

तरी काम झालं नव्हतं. चित्रात आडवे काळपट पट्टे होते आणि ते हळूहळू वर सरकत होते. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर सगळं चित्र एकदम वाचत नाही, ओळीने वरून खाली वाचतो. त्यामुळे काही ओळींना भरातला उजेड मिळतो, काहींना उतरता. शिवाय विजेची ५० आवर्तनं म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, किंचित मागेपुढे होतच असतात, म्हणून पट्टे सरकतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/१०० सेकंद केलं की प्रत्येक ओळीला दिव्याचा एक पुरा हेलकावा मिळतो आणि पट्टे जातात. लग्नाच्या हॉलमध्ये शूटिंग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, तिथे एवढ्यावर भागतं.

आमचं भागलं नाही. उडीच्या शेवटी पाय गादीजवळ येतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला सहाएक मीटर असतो. १/१०० सेकंदात ते सहा सेंटिमीटर सरकतात. तेवढा फराटा प्रत्येक फ्रेममध्ये उमटतो. घोटा कुठे संपतो आणि टाच कुठे सुरू होते हे कळेना, मग डावा आधी की उजवा हे काय कळणार? फ्रेमच्या वेगाच्या दुप्पट शटर ठेवावं असा एक सर्रास सांगितला जाणारा नियम आहे, म्हणजे १०० ला १/२००. हालचाल डोळ्याला गोड दिसावी म्हणून तो ठीक. पण तरीही तीन सेंटिमीटरचा फराटा राहतोच. मला १/५०० हवं होतं, म्हणजे सव्वा सेंटिमीटरच्या आत. सुंदर दिसण्यासाठीचं स्लो मोशन आणि तपासण्यासाठीचं स्लो मोशन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं.

आता उजेडाचा हिशेब. साध्या व्हिडिओला १/५० शटर असतं. १/५०० म्हणजे उजेड एक दशांश. ट्यूबलाइटखाली एवढं शटर लावायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, सहा हजारांच्या पुढे न्यावं लागत होतं आणि चित्रात वाळू सांडल्यासारखे ठिपके येत होते. शिवाय १/५०० ला पट्टे परत हजर. म्हणजे ट्यूबा बंदच करायला हव्यात आणि सूर्याकडे जायला हवं. दोरी एक वेळ बाहेर झाडाला टांगता येते, टांगता मल्लखांबही हलवता येतो. पुरलेला खांब जमिनीत गाडलेला! आमचा खांब सागवानी, जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास, वर्षानुवर्षं एरंडेल पिऊन काळा तुकतुकीत झालेला. तो उन्हाकडे जाणार नव्हता, तेव्हा ऊन त्याच्याकडे आणणं भाग होतं.

नशिबाने इमारत जुनी. पूर्वेच्या भिंतीला वरच्या अंगाला जाळीच्या खिडक्यांची ओळ आहे आणि खाली मोठा दरवाजा. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा खिडक्यांतून आलेला पट्टा बोंडावर आणि त्याच्या वर पडतो, दरवाजातून आलेला गादीवर. मधे थोडा अंधार राहतो, पण उडीत तो भाग क्षणभराचाच. हे सगळं जुळून यायला जेमतेम पाऊण तास मिळतो. ऊन वर चढलं की पट्टे खाली घसरतात आणि बोंड अंधारात जातं. मी आदल्या रविवारी नुसती बसून ते बघितलं होतं, कॅमेऱ्याशिवाय. सरांना वाटलं मी भाचीला न्यायला आलेय.

ठरल्या दिवशी सगळ्या ट्यूबा बंद. खांबाच्या पश्चिमेला दोन मुलांनी पांढरी चादर ताणून धरली, म्हणजे सावलीकडच्या अंगावरही थोडा उजेड परतेल. उन्हाच्या पट्ट्यात १/५०० शटर, ५.६ अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ ४०० एवढ्यावर चित्र स्वच्छ आलं. ट्यूबखालच्या सहा हजारांशी ताडून बघा. ५.६ चा आणखी एक फायदा असा की फोकसला थोडी सैल जागा मिळते. मागचं ढालींचं कपाट अंधारात बुडून गेलं, तेही बरंच झालं.

ऑटोफोकस बंद ठेवला. फिरणाऱ्या अंगामागे तो धावतो आणि मधेच मागच्या भिंतीला जाऊन चिकटतो. खांब जागचा हलत नाही हीच आमची सोय. बोंडाच्या जरा अलीकडे, जिथे पाय टेकतात त्या अंतरावर हाताने फोकस लावला आणि ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या. कॅमेरा उभा धरला, कारण वरचे हात आणि खालचे पाय एकाच चौकटीत हवे होते. पांढऱ्या रंगाचा समतोलही 'उन्हा'वर पक्का केला, नाहीतर तो क्लिपच्या मधेच मत बदलतो.

कॅमेऱ्यात स्लो मोशनचा वेगळा मोड आहे, त्यात क्लिप आतच संथ होऊन निघते. मी तो टाळला, कारण त्यात आवाज टिपला जात नाही आणि आमच्या प्रश्नात आवाज अर्धा साक्षीदार होता. साध्या मोडमध्ये १०० फ्रेमवर टिपलं आणि संथ नंतर संगणकावर केलं. साठवणीचा बाऊ करतात लोक, पण सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, मिनिटाला सुमारे ७५० मेगाबाइट. व्ही३० वेगाचं साधं मेमरी कार्ड पुरतं.

मुलाने हाताला राळ लावली, खांबाला नमस्कार केला आणि चढला. सर एका सकाळी अशा उड्या मोजक्याच मारू देतात, गुडघे काही भाड्याचे नाहीत. त्यामुळे आधी समोरून आणि नंतर बाजूने, दोन्हीकडून जे मिळेल ते घ्यायचं होतं. तिरप्या उन्हात राळेची भुकटी उडताना दिसली तेव्हा मला क्षणभर तपासणीचा विसर पडला, हे खरं.

संगणकावर व्हिडिओ संपादनासाठी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरते. त्यात एक गोष्ट आधीच करावी लागते: प्रोजेक्टचा वेग २५ ठरवून मगच क्लिप आत घ्यायच्या, कारण टाइमलाइनवर क्लिप पडल्या की तो बदलू देत नाही. मग क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन १०० चे २५ केले. सर शेजारी खुर्ची ओढून बसले. बाणाचं बटण एकदा दाबलं की एक फ्रेम, म्हणजे एक शतांश सेकंद.

हात सुटण्यापासून पाय टेकेपर्यंत ६२ फ्रेम. पायांकडे बघितलं तर डावा पाय टेकलेला आणि उजवा अजून हवेत, असं तीन फ्रेम दिसत होतं. तीन शतांश सेकंद. सरांच्या कानाने एवढा फरक पकडला होता आणि मी तो पकडायला पाल-एनटीएससी करत बसले होते! पण सर पायांवर थांबले नाहीत. "वर न्या," म्हणाले. एकेक फ्रेम मागे नेत बोंडापाशी आलो. तिथे ते होतं. डाव्या हाताचा पंजा बोंडावरून सुटला होता आणि उजवा अजून टेकलेला. एक फ्रेम, दोन, तीन, चार. पाचव्या फ्रेमला तो सुटला. तेवढ्या वेळात डावा खांदा पुढे आला होता आणि अंग उजवीकडे वळायला लागलं होतं. पुढच्या साठ फ्रेम ते वळतच राहिलं आणि डावा पाय आधी खाली आला. पाय बिचारे निर्दोष होते.

सरांनी तीच जागा पुन्हा पुन्हा बघितली. दुसऱ्या उडीतही तेच, बाजूने टिपलेल्या उडीतही हात मागे राहत होता. मुलाचं म्हणणं, उजव्या हाताला राळ जास्त लागते म्हणून चिकटतो. सरांचं म्हणणं, राळ नाही, सवय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला जमिनीवर ठेवलेल्या बुटक्या खांबावरून फक्त हात सोडायला लावलं. उडी बंद. दोन्ही पंजे एकदम सुटतात की नाही ते सर कानाने ऐकत.

याच क्लिपवर मी सॉफ्टवेअरचा ऑप्टिकल फ्लो लावून बघितला. तो दोन फ्रेमच्या मधलं चित्र अंदाजाने रचतो आणि २५ फ्रेमच्या साध्या क्लिपलाही लोण्यासारखं संथ करतो. ढगांना, समुद्राला, चालत्या माणसाला छान जमतं. इथे बोटं वितळून बोंडात मिसळली. हात खांबासमोरून गेला तिथे खांबच वाकला. जी चार फ्रेमची फट आम्ही शोधत होतो ती २५ च्या क्लिपमध्ये जेमतेम एका फ्रेमएवढी. तिच्या आजूबाजूला सॉफ्टवेअरने काय भरलं असतं कोण जाणे. टिपताना न घेतलेली फ्रेम नंतर मिळत नाही.

पालकांना मात्र निराळी क्लिप हवी होती, जराशी देखणी. त्यासाठी पुन्हा १/२०० शटरवर आलो. सबंध संच संथ करायचा मोह आवरावा. मिनिटभराचा संच चार मिनिटांचा होतो आणि आजीसुद्धा जांभई देते. चढणं नेहमीच्या वेगात, हात सुटताना संथ, गादीवर येता येता परत नेहमीच्या वेगात, असं केलं. आवाज संथ करू नये. चौपट ताणलेला 'धप्' हा रेड्याच्या हंबरण्यासारखा लागतो. मूळ आवाज नेहमीच्या वेगाच्या जागी ठेवला आणि मधे शांतता. या क्लिप पालकांना विचारूनच केल्या आणि व्यायामशाळेबाहेर पाठवायच्या नाहीत असं ठरलं. लंगोटातली लहान मुलं आहेत, जगाला दाखवायचं काही कारण नाही.

भाचीचा हट्ट की तिचीही दोरी १०० वर टिपायची. टिपली. दोरीवरची हालचाल मुळातच सलग आणि ओघवती असते. ती चौपट संथ केली तर मुलगी दोरीवर अडकून पडल्यासारखी वाटते. ५० पुष्कळ झालं. दुप्पट संथ, शिवाय ५० ला फोर-के मिळतं, त्यामुळे पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी कशी आवळली जाते ते जवळून कापून दाखवता येतं. तिला तेच बघायचं होतं. १०० चा आकडा मिळाला नाही म्हणून थोडी रुसली.

टांगता मल्लखांब अजून जमलेला नाही. तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे माझी खडूची खूण आणि पक्का केलेला फोकस दोन्ही निकामी. उन्हाच्या पट्ट्यात तो येतो कधी आणि जातो कधी. बाहेरच्या अंगणात टांगून सकाळी आठनंतर मोकळ्या उन्हात बघायचं आहे. तिथे ८ अपर्चर ठेवता येईल आणि पुढे-मागे हललं तरी खपून जाईल. पण सध्या श्रावण चालू आहे. ढग आले की दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड पाव उरला, आणि अंगण चिखलाने भरलंय. सर म्हणतात, नवरात्रापर्यंत थांबू.